मलाक्का: गुरुवार ते शनिवार, दोघांसाठी

मलेशियातलं मलाक्का हे सकाळी नऊच्या आत आणि दिवस कलल्यावर बघायचं गाव आहे. क्वालालंपूरहून एका दिवसाच्या सहलीला जाणारे नेमके अकरा ते चार तिथे असतात, भर उन्हात, आणि "दोन-चार लाल इमारती आहेत" एवढंच सांगत परत येतात. दोघंच जाणार असाल तर दोन रात्री द्या, आणि त्या गुरुवार-शुक्रवारच्याच असू द्या.

वाराला महत्त्व आहे. जुन्या गावातल्या जोंकर स्ट्रीटचा रात्रीचा बाजार शुक्रवार, शनिवार, रविवारी भरतो. शनिवारी क्वालालंपूर आणि सिंगापूरची माणसं लोटतात, खोल्यांचे भाव चढतात. मंगळवार-बुधवारी गेलात तर बऱ्याच दुकानांची दारं बंद. गुरुवारी पोचलात की शुक्रवारची सकाळ मोकळी मिळते, रात्री बाजार मिळतो आणि शनिवारी गर्दी जमायच्या आत निघता येतं.

म्हणजे ठाण्याहून बुधवारी रात्रीच निघायचं. मुंबई-क्वालालंपूर थेट विमान साधारण पाच तासांचं, आणि बरीचशी विमानं रात्रीची. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. विमानतळ शहराच्या दक्षिणेला सेपांगला आहे आणि मलाक्का त्याच्याही दक्षिणेला, त्यामुळे आधी शहरात जाऊन मग मलाक्काची बस धरणं म्हणजे उलटा हेलपाटा. विमानतळावरूनच 'मेलाका सेंट्रल'ची, म्हणजे मलाक्काच्या बसस्थानकाची, बस मिळते, दोन ते अडीच तास लागतात. विमान उतरण्याची वेळ आणि बसची वेळ यांत किमान दोन तास ठेवा. इमिग्रेशनच्या रांगेत बस चुकली की तिकीट बहुधा वाया जातं. बसमधला एसी बोचरा असतो, शाल हाताशी हवी.

भारतीय पासपोर्टला डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण ही सवलत ठरावीक मुदतीची आहे. विमानाचं तिकीट काढण्याआधी तारीख तपासाच. डिजिटल आगमन कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, दोघांचं वेगवेगळं. ते फुकट असतं. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नव्हे.

मेलाका सेंट्रलपासून जुनं गाव चार-पाच किलोमीटर आहे. ग्रॅब, म्हणजे ॲपवरची टॅक्सी, मागवा, त्यासाठी सिम विमानतळावरच घेऊन ठेवा. शुक्रवारी संध्याकाळपासून जोंकर स्ट्रीटवर गाडी जात नाही. तेव्हा नदीच्या पुलापाशी उतरून चालणं बरं.

राहायला जुन्या दुकान-घरांपैकी एखादं निवडा. तोंड अरुंद, लांबी मात्र वाड्यासारखी आत आत जाणारी, मध्ये उघडा चौक. आपल्याकडच्या चौकाच्या वाड्यात राहिलेल्या माणसाला हे घर लगेच ओळखीचं वाटतं. पण मधल्या खोल्यांची खिडकी चौकात उघडते, कधी ती नसतेच. जिने खडे, लाकडी तक्तपोशीवर वरच्या माणसाचं प्रत्येक पाऊल ऐकू येतं. बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: खिडकी बाहेर आहे का, न्हाणीघर खोलीतच आहे का, खोली रस्त्याच्या बाजूला की मागे. शुक्रवारसाठी मागचीच घ्या. परदेशी पाहुण्यांना दर खोलीमागे दर रात्री १० रिंगिट (मलेशियाचं चलन) पर्यटन कर पडतो, तो बहुतेक वेळा हॉटेलातच मागतात. प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो.

शुक्रवारी सकाळी साडेसातला डच चौकातून सेंट पॉल टेकडी चढा. वर १५२१ च्या पोर्तुगीज चर्चचं छप्पर उडालेलं आहे, भिंतींना डचांचे उंच कबरीचे दगड टेकवून ठेवलेत. फ्रान्सिस झेवियरचं शव १५५३ मध्ये काही महिने इथे होतं, मग गोव्याला नेलं. ती रिकामी जागा आजही दाखवतात. पलीकडच्या बाजूने उतरलात की किल्ल्याची एकटी उरलेली वेस, पोर्ता दे सांतियागो. गोवा घेतल्यावर वर्षभरातच, १५११ मध्ये, पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने मलाक्का घेतलं आणि हा किल्ला बांधला. कमानीवर मात्र १६७० कोरलंय, कारण १६४१ मध्ये गाव जिंकलेल्या डचांनी ती दुरुस्त केली. बाकीचा किल्ला इंग्रजांनी १८०७ मध्ये पाडला.

वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला इथे एक प्रश्न पडतोच: समुद्र कुठे गेला? बंदर गाळाने भरत गेलं, पेनांग आणि सिंगापूरने व्यापार ओढला, आणि पुढे किनाऱ्यावर भराव टाकून दुकानं उभी राहिली. आपल्या सोपाऱ्याचं बंदरही गाळानेच मिटलं, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

बारा ते चार उन्हात फिरू नका. हीरेन स्ट्रीटवरचं बाबा-न्योन्या संग्रहालय या वेळेसाठी उत्तम, मार्गदर्शकासोबतच पाहा. चिनी व्यापाऱ्यांनी इथेच घरं केली, त्यातून हा समाज घडला. तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज, मलय बोलणारे हिंदू चिट्टी, असेच. शिडाच्या गलबतांना वारा फिरेपर्यंत महिनोन्‌महिने थांबावं लागे. संसार त्या थांबण्यातून उभे राहिले. मलयमध्ये नवरा-बायकोला 'सुआमी इस्तेरी' म्हणतात, म्हणजे आपले स्वामी आणि स्त्री. आणि कोंडून ठेवण्याचा 'तेरुंकु' हा आपल्या 'तुरुंगा'चा सख्खा भाऊ, दोघेही पोर्तुगीजांकडून आलेले.

खाण्यात शाकाहाऱ्यांनी जपायचं ते 'बलाचान'पासून. ही जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची आंबवलेली चटणी, आणि ती भाज्यांतसुद्धा घालतात. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, "बलाचान नको, इकान नको, उडांग नको" असं एकेक मोजून सांगा. इकान म्हणजे मासा, उडांग म्हणजे कोळंबी. खात्री हवी तर लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवा. मांसाहाऱ्यांनी न्योन्या लाक्सा, म्हणजे नारळाच्या दुधातल्या रश्श्यातल्या शेवया, आणि पोर्तुगीज वस्तीतली व्हिनेगरची 'देबाल' करी सोडू नये. वसईच्या ईस्ट इंडियन घरांतल्या आंबट-तिखट रश्श्याशी तिचं नातं जिभेला कळतं.

बाजारात सहाला शिरा, आठला बाहेर पडा आणि नदीकाठाने चाला. काठावर मोठ्या घोरपडी दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

घरी आणायला गुला मेलाका, नारळाच्या माडाचा गूळ. चेंडोल या बर्फ आणि नारळाच्या दुधाच्या गोड पदार्थाला चव याचीच. खरा गूळ मऊसर आणि गडद असतो, दगडासारखा कडक लागला तर साखर मिसळलेली समजा. दोन पिशव्यांत घट्ट बांधून चेक-इन बॅगेत ठेवा आणि ठाण्यात पोचल्यावर थेट फ्रिजमध्ये, नाहीतर पावसाळ्यात आठवडाभरात त्याला पाणी सुटतं.