झिरोचा बल्ब

रत्नागिरीत कॅमेरा दुरुस्तीचं दुकान चालवायचं म्हणजे पावसाळ्यात निम्मं काम बुरशीचं. जुलैभर पाऊस धरून राहिला की ऑगस्टच्या मध्यापासून लेन्स यायला लागतात. गणपती तोंडावर आलेले असतात, ऑर्डरी घेतलेल्या असतात आणि कपाटातून काढलेली लेन्स धुरकट निघते. "आतून जरा पुसून द्या," एवढंच म्हणणं असतं. बहुतेक लेन्स मी खोलतो, साफ करतो, देतो आणि विसरून जातो. राजापूरचे एक काका आले तो दिवस मात्र डोक्यातून गेला नाही, कारण त्या दिवशी खरी दुरुस्ती करायची होती ती त्यांच्या घरातल्या कपाटाची.

काका पहिल्या एसटीने आले होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी राजापुरात स्टुडिओ टाकला, पंचक्रोशीतली लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो सगळं केलं. आता स्टुडिओ मुलगा आणि सून बघतात, काम सगळं डिजिटल. पिशवीतून त्यांनी एकेक वस्तू काउंटरवर मांडली: वर-खाली दोन लेन्स असलेला यशिका मॅट १२४ जी, निकॉन एफएम टू कॅमेरा, त्यावरची ५० एमएम १.८ लेन्स आणि पोर्ट्रेटसाठी घेतलेली १०५ एमएम २.५ लेन्स.

"नात मुंबईला आर्ट कॉलेजात आहे. तिला म्हणे फिल्मवरच फोटो काढायचेत. म्हटलं यशिका देऊन टाकू तिला. काढून बघतो तर हे असं."

यशिकाचं चामडी केस मी उघडायच्या आधीच वास आला. शिवणीच्या कडेने हिरवट बुरशी होती. आतला कॅमेरा मात्र देखणा, वापरून गुळगुळीत झालेला. हा १९७० ते १९८६ या काळात बनला, आणि आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांच्या दोन पिढ्या याच्यावर जगल्या. १२० चा रोल घातला की बारा चौकोनी फोटो. काकांनी यात पूर्व जर्मनीची ओर्वो फिल्म वापरली होती, उटीच्या कारखान्यातली इंदूही वापरली होती. रोल हातात असल्यासारखी बोटं फिरवत ते हे सांगत होते.

लेन्स तपासायची तर अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं लहान-मोठं होणारं भोक, पूर्ण उघडायचं, मागून टॉर्च तिरका धरायचा आणि समोरून बघायचं. सरळ उजेडात धूळही भयंकर दिसते आणि बुरशी लपूनही जाते. टॉर्च तिरका केला आणि १०५ मध्ये ती दिसली. एका ठिपक्यातून निघून अळूच्या पानामागच्या शिरांसारखी फुटत गेलेली, टोकाला केसाहून बारीक. ५० मध्ये तशीच. यशिकाच्या फोटो घेणाऱ्या लेन्समध्ये तशीच, वरच्या बघायच्या लेन्समध्येही तशीच.

इथे मी थांबलो. चारही लेन्सना लागण होणं नवीन नाही. पण सगळ्यांची वाढ साधारण एकाच वयाची दिसत होती. जुनी बुरशी काचेच्या कडेकडेने पसरून दाट, पांढुरकी होते. ही कोवळी होती, फार तर दोन पावसाळ्यांची. आणि काका सांगत होते की सामान चाळीसएक वर्षं त्याच कपाटात आहे, राजापुरात, अर्जुना नदीच्या काठच्या गावात, जिथे जून ते सप्टेंबर हवा पिळून काढावी इतकी ओली असते. इतके पावसाळे काही झालं नाही, मग आताच काय झालं?

"कपाटात काही बदल केलात का?" मी विचारलं.

"छे. तेच लाकडी कपाट. मी हात लावत नाही, कोणी उघडतही नाही."

कोणी उघडत नाही, ही एक गोष्ट झालीच. वापरात असलेली लेन्स फिरते, उजेडात येते, वाऱ्याला लागते. अंधारात, साचलेल्या हवेत पडून असलेली लेन्स बुरशीला आवडते. पण काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणजे ते कारणही पुरेना.

काका म्हणाले, बसतो मी, तू कर. मी यशिकापासून सुरुवात केली, कारण नातीला तीच हवी होती.

समोरची कडी रबरी बूच दाबून फिरवली की सुटते. स्पॅनर तिथे लावू नये, निसटला तर काचेवर ओरखडा कायमचा. समोरचा काचांचा संच बाहेर आला. बुरशी होती ती नेमकी आतल्या बाजूला, शटरकडे तोंड असलेल्या पृष्ठभागावर. हे बहुतेक वेळा असंच असतं. शटरच्या आणि फोकसच्या वंगणाची वाफ वर्षानुवर्षं काचेवर बसते, त्यात धुळीचे कण अडकतात, आणि बुरशीला तेवढं अन्न पुरतं. बीजं तर हवेत सगळीकडे असतातच, तुमच्या आमच्या फुप्फुसातही जातात. म्हणून "एका लेन्समधून दुसरीत लागण होते" याची जी भीती लोक घेतात ती मला जरा जास्त वाटते. बुरशी लागलेली लेन्स मी वेगळी ठेवतो, टेबल पुसून घेतो, पण खरं ठरवणारी गोष्ट दमटपणा. हवेतली सापेक्ष आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर काही दिवस सलग राहिली की बीज रुजतं. आपल्याकडे जुलैत ती नव्वदच्या आसपास असते.

साफ करायला मी मेडिकलमध्ये मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समसमान घेतो. हे लागेल तेवढंच, ताजं करायचं आणि खिडकी उघडी ठेवायची. ब्लीचिंगचं कुठलंही पाणी त्यात कधीही घालायचं नाही, विषारी वायू होतो. लेन्सच्या कागदावर थेंबभर घ्यायचं, मिनिटभर काचेवर ओलं राहू द्यायचं, मग मधून कडेकडे गोल फिरवत एकदाच उचलायचं. मागेपुढे घासलं की मेलेल्या बुरशीतली कचकच काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, ओरबाडते. काचेच्या काठाला काळा रंग असतो, त्याला हा द्रव लागू द्यायचा नाही. शेवटचा हात आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा.

समोरचा संच लख्ख झाला. मागचा संच फिल्मच्या बाजूने काढला, शटर बी वर, म्हणजे बटण दाबून ठेवू तोवर, उघडं धरून. तिथे मात्र वाईट बातमी होती. यशिकाच्या लेन्समध्ये चार काचा आणि तीन संच, त्यातल्या मागच्या दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या. त्या सांध्यात, अगदी काठाला, चार-पाच तंतू आत शिरलेले. तिथे कागद पोचत नाही. ती जोडी तापवून सोडवायची आणि पुन्हा केंद्र जुळवून चिकटवायची, हे काम मी करत नाही, आणि या कॅमेऱ्यासाठी कोणाकडून करूनही घेऊ नये असं माझं मत आहे. काठाचे तंतू अॅपर्चर बंद केलं की वाटेतून बाहेर पडतात. नातीने एफ ८ किंवा त्यापुढे, म्हणजे भोक लहान ठेवून, काम केलं तर तिला ते फोटोत कधी भेटणारही नाहीत. काकांना हे कागदावर लिहून दिलं. त्यांनी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलं.

दुपारी चहा घेताना काका सहज म्हणाले, "तेव्हा मुंबईत बोरा बाजारला रोल आणायला जायचो ना, तिथल्या एका दुकानदाराने सांगितलं होतं, कपाटात झिरोचा बल्ब लाव आणि बंद करू नकोस. तेव्हापासून तो कधी बंद केला नाही."

"अजून आहे?"

"आहे म्हणजे काय! रोज रात्री फटीतून उजेड दिसतो मला."

उजेड दिसतो. हे ऐकलं आणि माझ्या हातातला कप खाली ठेवला गेला. मी म्हटलं, काका, घरी व्हिडिओ कॉल लावा.

सूनबाईंनी फोन कपाटासमोर नेला आणि दार उघडलं. आतून पांढराशुभ्र उजेड आला.

"वहिनी, बल्बला हात लावून बघा. गरम आहे?"

"नाही हो दादा. गार आहे. एलईडी आहे ना हा. रंगकाम झालं तेव्हा वायरमनने सगळेच बदलले. तो जुना चोवीस तास जळायचा, उगीच बिल यायचं."

काका काही बोलले नाहीत. फोनच्या पडद्याकडे बघत राहिले.

झिरोचा म्हणून मिळणारा तारेचा बल्ब खरं तर पंधराएक वॅट खातो. चोवीस तास जळला तर महिन्याला अकरा युनिटच्या आसपास. सूनबाईंचा हिशेब बरोबरच होता. पण त्या पंधरा वॅटमधला उजेड नावापुरता, बाकी सगळी ऊब, आणि कपाटात कामाची होती ती ऊबच. हवा तापली की तिची पाणी धरण्याची ताकद वाढते. बाहेर २८ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता असेल, आणि तीच हवा कपाटात ३३ अंशांवर नेली, तर आर्द्रता ६६ वर येते. ३६ अंशांवर नेली तर ५६. पाण्याचा एक थेंबही बाहेर काढावा लागत नाही. पाच-आठ अंशांच्या त्या फरकावर काकांचं सामान चाळीस पावसाळे तगलं. एलईडी लागला, उजेड वाढला, ऊब गेली, आणि दोन पावसाळ्यांत चारही लेन्स धरल्या. रात्री फटीतून उजेड दिसत होता म्हणून काकांना शंका यायचं कारणच नव्हतं.

सूनबाई बिचाऱ्या हिरमुसल्या. त्या म्हणाल्या, मी तर सिलिकाच्या पुड्यापण ठेवल्यात. दाखवल्या त्यांनी. बुटांच्या खोक्यातल्या, मोबाइलच्या खोक्यातल्या, जमवून ठेवलेल्या. त्यांना म्हटलं, वहिनी, तुमची काळजी खरी आहे, पण या पुड्या केव्हाच पिऊन तुडुंब झाल्यात. लाकडी कपाटाच्या फटींतून कोकणातला अख्खा पाऊस आत येतो, मूठभर सिलिका त्याला किती पुरी पडणार? सिलिका वापरायची तर रबरी कडीचा हवाबंद डबा हवा, रंग बदलणारे दाणे हवेत, आणि निळ्याचे गुलाबी किंवा केशरीचे हिरवे झाले की ओव्हनमध्ये वाळवायची शिस्त हवी. बल्ब लावायचा तर उलट, कपाटाला खाली-वर भोकं हवीत, हवा खेळती राहायला हवी. या दोन वेगवेगळ्या पद्धती आहेत. दोन्ही अर्ध्या अर्ध्या केल्या की एकही चालत नाही. हे मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, कारण हीच गफलत घरोघरी दिसते. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवणारे भेटतात, पीठ आत जातं. डांबरगोळ्या ठेवणारे भेटतात, त्यांची वाफ काचेवर बसते. उन्हात वाळवणारेही भेटतात. काचेतून बुरशी मारणारे किरण फारसे आत जात नाहीत, वंगण मात्र पातळ होऊन अॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं.

उरलेला दिवस १०५ ने घेतला. काकांचा जीव खरा तिच्यात होता. समोरचा संच सोडवला, साफ केला, बुरशी सगळी निघाली. मग काच कलती करून उजेडाचं प्रतिबिंब पाहिलं. कोटिंगच्या जांभळट झाकेत फिक्या रेघा तशाच उमटलेल्या होत्या, प्रत्येक फांदीची. बुरशी वाढताना आम्ल सोडते, ते कोटिंग खातं. एकदा खाल्लेलं कुठल्याही द्रवाने परत येत नाही. मी काच काकांच्या हातात दिली आणि कुठे बघायचं ते दाखवलं. पुसून चकाचक झाली एवढंच सांगून देता आली असती, पण अशी लेन्स पुढे कोणाला विकली गेली तर त्याची फसवणूक होते, आणि मुख्य म्हणजे काकांना ती कशी वापरायची हे कळायला हवं होतं.

"फोटोत दिसेल?"

"एरवी नाही. समोरून ऊन किंवा खिडकी आली तर जरा पांढुरकी झाक येईल. लेन्सपुढे आडोसा देणारं हूड लावा, उजेड पाठीशी घ्या. मागच्या काचा स्वच्छ आहेत, ते महत्त्वाचं. नुकसान मागच्या काचेवर असतं तर जास्त नडलं असतं."

"पोर्ट्रेट येतील ना?"

"उत्तम येतील."

५० ला फारसं झालं नव्हतं, तासाभरात झाली. चामडी केस मात्र परत नेऊ नका म्हणून मी हट्ट धरला. चामडं ओल धरून ठेवतं आणि ती ओल रात्रंदिवस कॅमेऱ्याला देत राहतं. चाळीस वर्षांची वस्तू टाकवेना हे मला समजत होतं. तोडगा असा काढला की केस वेगळं, माळ्यावर, कॅमेऱ्यापासून लांब.

संध्याकाळच्या एसटीला वेळ होता तेवढ्यात नाक्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. तारेचे झिरो बल्ब अजून मिळतात, मागच्या फळीवर असतात. दोन घेतले, आणि बल्बभोवती लावायला तारेची जाळी, लाकडाला आणि पिशव्यांना चिकटू नये म्हणून. माझ्याकडचा एक आर्द्रतामापक दिला. तो मी आधी मिठावर तपासलेला होता: झाकणात मीठ, त्यावर ओलं होईल एवढंच पाणी, दोन्ही एका बंद डब्यात रात्रभर. सकाळी ७५ दाखवला तर मापक खरा, नाही तर जेवढा फरक तेवढा लक्षात ठेवायचा.

"आणि वीज गेली तर? आमच्याकडे पावसात दोन-दोन दिवस नसते."

हा प्रश्न काकांनी बरोबर विचारला. दिवस-दोन दिवसांनी बिघडत नाही, सलग लांबलं तर बिघडतं. तशी वेळ आली तर लेन्स डब्यात, वाळवलेल्या सिलिकासोबत, आणि वीज आली की पुन्हा कपाटात.

पुढच्या आठवड्यात सूनबाईंचा फोन आला. वायरमनकडून कपाटाला खाली-वर भोकं पाडून घेतली होती. बाहेर ८७, कपाटात ५८. पन्नासच्या आसपास आलं तर उत्तम, पण साठच्या खाली आहे तोवर पावसाळ्यात मी समाधानी असतो, आणि तिशीच्या खाली नेऊ नये, वंगण आणि चामडं सुकतं. त्यांनी विचारलं, स्टुडिओतल्या डिजिटल लेन्सपण त्यातच ठेवू का? ठेवा म्हटलं, पण बॅगेतून बाहेर काढून, आणि दर आठवड्याला एकदा प्रत्येकीवर टॉर्च मारून.