नृत्योपचारकांच्या पहिल्या पिढीने ठेवलेले ज्ञान

नृत्योपचारातील, म्हणजे नृत्याच्या हालचालींतून मनावर उपचार करण्याच्या पद्धतीतील, आद्य मंडळींचे काम जतन करायचे, तर त्यांच्या सत्रांच्या चित्रफिती जमवल्या की झाले, असे पुष्कळांना वाटते. मला ते अपुरे वाटते, कारण चित्रफितीत हालचाल दिसते, पण तीच हालचाल त्या क्षणी का निवडली हे दिसत नाही.

मेरियन चेस या नर्तिकेने 1942 साली वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात काम सुरू केले. शब्दांनी संवाद न साधू शकणाऱ्या रुग्णाच्या हालचालीतला ताण आणि लय त्या स्वतःच्या अंगात घेत, तिथून नाते जुळवत आणि हळूहळू सर्वांना वर्तुळात, एका ठेक्यावर आणत. 1970 साली त्या निवर्तल्या. त्यांच्या पद्धतीची सुसूत्र मांडणी शेरॉन चैकलिन आणि क्लेअर श्मेस या शिष्यांनी केली, म्हणून ती आज शिकवता येते.

आम्हा बडोदेकरांना हा प्रश्न परका नाही. ‘अभिनवभारती’ टीकेसह नाट्यशास्त्राचा पहिला खंड गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत 1926 साली निघाला. त्यात 108 करणांची, म्हणजे हातापायांच्या एकत्रित नृत्यहालचालींची, लक्षणे आहेत, पण नुसते श्लोक वाचून करण अंगात उतरत नाही. दुसरीकडे, सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई यांच्या विवाहानंतर तंजावरहून आलेल्या नर्तकींची विद्या नृत्यगुरू कुबेरनाथ तंजोरकरांपर्यंत आणि त्यांच्याकडून विद्यार्थ्यांपर्यंत आली, ती गुरूसमोर घाम गाळूनच. ग्रंथ आणि गुरू, दोन्ही लागतात.

नृत्योपचारात मात्र आणखी एक व्यक्ती असते, ती म्हणजे रुग्ण. त्याने खांदा किंचित आवळला, म्हणून उपचारकाने आपला हात मागे घेतला, हा निर्णय हेच खरे ज्ञान. म्हणून ज्येष्ठ उपचारकाने शिष्यासह जुनी चित्रफीत पाहावी, जागोजागी थांबवावी, शिष्याने प्रश्न विचारावेत आणि ते संभाषण ध्वनिमुद्रित व्हावे, असे मला मनापासून वाटते. फसलेली सत्रेही त्यात हवीत. नवशिक्याला त्यांतूनच अधिक कळते. रुग्णाची किंवा पालकांची संमती नसेल, तर मात्र ती चित्रफीत कितीही मोलाची असली तरी वापरू नये. मग उपचारकाच्या आठवणीवरच भागवावे.

महाराजा सयाजीराव विद्यापीठात नृत्य, मानसशास्त्र आणि समाजकार्य हे तिन्ही विषय शिकवले जातात. त्या तीन विभागांतील अध्यापकांनी एकत्र बसून गुजराती आणि मराठीत अशी ध्वनिमुद्रणे सुरू करावीत, एवढी माझी विनंती आहे.