घर पाडायच्या आधी एकदा विचारून घ्या

नवी मुंबईतल्या आमच्या घणसोली गावात आता कौलारू घर शोधावं लागतं. त्यातलंच एक आमच्या पणजोबांनी बांधलेलं, आणि ते आता पाडून तिथे बिल्डिंग उभी राहणार हे घरात ठरलंय. मला कोणालाच दोष द्यायचा नाही, भाऊ वाढले, पोरं मोठी झाली, गळक्या कौलांखाली किती दिवस राहायचं. पण पाडायच्या आधी घराची नीट नोंद व्हायला हवी, म्हणून मी आणि माझी चुलत बहीण कामाला लागलोय.

फोटो काय, कोणीही काढतं. आम्ही घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना एकेका जागी नेऊन उभं करतो आणि विचारतो, इथे काय व्हायचं? नुसतं 'आठवणी सांगा' म्हटलं की लोक दोन वाक्यांत आटपतात. आजीला पडवीत नेलं तर ती थेट भाताच्या कणगीची जागा दाखवायला लागली, मग राता भात, म्हणजे खाऱ्या जमिनीत पिकणारा लाल भात, मग खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बांध, आणि उधाणाला तो फुटला की रात्री-अपरात्री बायकापुरुष सगळे माती टाकायला कसे धावायचे ते सगळं ओघाने आलं, मी फक्त मोबाईल धरून उभी. ओटीवर शेजारच्या काकींना हळदीचं विचारलं तर त्या सांगत बसल्याच नाहीत, सरळ धवला, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, म्हणायला लागल्या! हे कुठे लिहिलेलं नाही हो, फक्त त्यांच्या तोंडी आहे, आता निदान रेकॉर्डिंग तरी आहे.

नवी मुंबईचा इतिहास म्हटलं की लोक १९७० पासून, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीपासून सुरू करतात, पण हे शहर ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनीवर उभं आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणकडे शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले, त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत. हे पुस्तकात मिळेल. पण त्या दिवसांत आमच्या ओटीवर कोण बसायचं, काय बोलणं व्हायचं, ते काकांनाच माहीत. पत्र्याच्या पेटीत जुने सातबारा आणि भूसंपादनाच्या नोटिसा सापडल्या, त्या स्कॅन केल्या.

दोन माणसांच्या आठवणी जुळत नाहीत, वादही होतात. आम्ही दोन्ही लिहून ठेवतो, कोणाचं खरं ते आत्ताच ठरवायची घाई कशाला.

घणसोली, तळवली, गोठिवलीकडचे जुने फोटो तुमच्या घरी असतील तर नक्की कळवा. मूळ फोटो नको, मोबाईलवर काढून पाठवला तरी चालेल, फक्त त्यातली माणसं कोण ते घरातल्या मोठ्यांना आजच विचारून घ्या आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, पेनाची शाई पुढे उमटते.