मीटर बारा दाखवत होता, तरी स्लाइड हलेना

मृग लागून चार दिवस झाले होते आणि आमची कॅरव्हॅन अजून शेतातच उभी होती. खाली काळी माती. ज्यांनी ही माती पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. एक बरा पाऊस झाला की ट्रॅक्टर रुततो, तिथे हे दोन टनांचं धूड कोण ओढणार?

आम्ही चिमूर तालुक्यातले. ताडोबाच्या कोलारा गेटला येणारे पाहुणे हिवाळा-उन्हाळा आमच्याकडे या कॅरव्हॅनमध्ये उतरतात. जुलै ते सप्टेंबर कोअरचे, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाचे, गेट बंद, म्हणून दरवर्षी जूनमध्ये तिला गोठ्याशेजारच्या मुरमावर आणून ठेवतो. या वर्षी शेवटचे पाहुणे सकाळी नऊला गेले, मी स्लाइड आत घ्यायचं बटण दाबलं आणि आतून फक्त ‘टक’ आवाज आला. दिवे मंद झाले. बटण सोडलं, दिवे पूर्ववत.

ज्यांनी स्लाइड पाहिली नसेल त्यांच्यासाठी: कॅरव्हॅनची एक बाजू खणासारखी अडीच फूट बाहेर येते, त्यावर आमचा पलंग आहे. खाली दातेरी पट्टी आणि बारा व्होल्टची मोटर. बटण एकीकडे दाबलं की बाहेर, दुसरीकडे दाबलं की मोटरच्या तारा उलट होऊन आत. ती बाहेर असताना गाडी ओढायची नसते, नाहीतर भिंतच उचकटते. हाताने फिरवायचं हँडल सोबत मिळालं होतं. ते कुठे गेलं याचा शोध अजून चालू आहे.

मी आधी बॅटरीवर संशय घेतला. मेमध्ये रात्री गावात व्होल्टेज इतकं पडतं की चार्जर नुसता घुमतो, बॅटरी भरतच नाही. ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावली. तेच ‘टक’. तीस अ‍ॅम्पिअरचा फ्यूज काढून पाहिला, चांगला होता, तरी बदलला. मग भाच्याने मोटरची जोडणी सोडवली, तारांच्या टोकांना मीटर लावला आणि मला बटण दाबायला सांगितलं. साडेबारा व्होल्टच्या जवळ. “मामा, करंट बरोबर येऊन रायला. मोटरच गेली.” मलाही पटलं. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला फोन केला, तो म्हणाला मोटर बाहेरून मागवावी लागेल, महिना धरून चाला. ढग उमरेडकडून चढत होते आणि हा महिना म्हणतो!

दुपारी शेवटचा उपाय म्हणून गावातल्या मोटर वाइंडिंगवाल्या काकांना बोलावलं. विहिरीवरच्या पंपांच्या मोटरी भरणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. कॅरव्हॅन त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच आतून पाहिली. पलंगाकडे बघून म्हणाले, “भाऊ, घरच त आहे.” मग खाली वाकून मोटरला नाक लावलं. “जळली असती त वास आला असता.” त्यांनी जंपर केबलने बॅटरीवरून मोटरला सरळ सप्लाय दिला, क्षणभरच. स्लाइड बोटभर आत सरकली. भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

“पण मीटरने बारा दाखवले ना, काका?”

“रिकाम्या तारेवर दाखवणारच. पंपाले नाही का, स्टार्टर बंद असला का व्होल्टेज भरपूर, मोटर चालू केली का बसते? जोडणी सोडून कायले मोजता? भार असताना मोजा.”

हे ऐकून मला माझाच राग आला, कारण पंपाचं हे गणित मी वीस वर्षं जगतो आहे. गंजलेल्या जोडातून मीटरला लागणारा इवलासा करंट सहज जातो, म्हणून मीटर खुशाल पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मोटर वीसेक अ‍ॅम्पिअर मागते. तेव्हा त्याच जोडावर व्होल्टेज सांडतं.

मोटर पुन्हा जोडली. मी बटण दाबून धरायचं, काका मोजणार, तेही दोन-तीन सेकंदच. बॅटरीवर ११.६. मोटरच्या टोकांवर ६.९. म्हणजे पावणेपाच व्होल्ट वाटेत कुठेतरी गायब. मग त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी बटणाच्या मागे आलेल्या प्लसला लावली: ०.६. तेच मायनसच्या बाजूला केलं: ३.८. बटण आणि पुढच्या तारा मिळून उरलेलं थोडंसं. चोर मायनसमध्ये होता.

बटणाची मायनस तार चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने बांधलेली, आणि बॅटरीची मायनसही दुसऱ्या टोकाला चेसिसलाच. ऊन उतरल्यावर आम्ही खाली पाठीवर झोपून एकेका बोल्टला बोट लावत गेलो. शेजारचे बोल्ट कोमट, हा एक चटका देणारा. सोडवला तर लगच्या, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, खाली हिरवी पूड, आणि तिच्याखाली चेसिसचा काळा रंग जसाच्या तसा. म्हणजे बनवताना रंगावरच बोल्ट आवळला होता. इतकी वर्षं फक्त बोल्टच्या आट्यांमधून करंट जात होता, त्याही गंजल्या. वायर कुरतडलेली असेल, उंदीर असतील, असं काय काय मी डोक्यात आणलं होतं.

कानशीने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, नवा लग, दातेरी वॉशर, वरून ग्रीस. शिवाय काकांच्या आग्रहाने बॅटरीच्या मायनसपासून बटणापर्यंत दहा स्क्वेअर एमएमची वेगळी तारच टाकली. बटण दाबलं. स्लाइड निघाली, अर्ध्यावर आली आणि थांबली.

मी तर डोक्याला हात लावला. काका हसले. चेसिसवरचा ब्रेकर उष्णतेवर पडणारा आहे, थंड झाला की आपोआप लागतो. दिवसभर आम्ही दाबादाबी केली, त्यात वरून ४४ अंशांचं ऊन. “चहा मांडा.” चहा झाला, दहा-बारा मिनिटं गेली, आणि उरलेली स्लाइड निमूटपणे आत गेली. रबराची पट्टी भिंतीला टेकल्याचा तो ‘फस्स’ आवाज ऐकून बरं वाटलं.

काकांनी दोनशे रुपये घेतले, तेही मी त्यांच्या खिशात घातले म्हणून. अंधार पडायच्या आत ट्रॅक्टरने ओढून गाडी मुरमावर आणली. पाऊस त्या रात्री आला नाही, पुढचे तीन दिवसही नाही.

मुरमावर पुन्हा एकदा स्लाइड बाहेर-आत करून घड्याळ लावलं: बावीस सेकंद. साफसफाई करणारा पोरगा दारात उभा होता. तो म्हणाला, “आता लवकर जाते. दिवाळीपासून त लई हळू जात होती.”

“मग सांगितलं काऊन नाही रे?”

“मले वाटलं, जुनी झाली.”

मलाही तेच वाटलं होतं.