तुम्ही विचारलंत म्हणून : टीएसएच वाढला, तर थायरॉइड कमी कसा?

हातात रिपोर्ट असतो. टीएसएचपुढे 9 हा आकडा आणि शेजारी वर तोंड केलेला बाण. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, थायरॉइड कमी पडतोय, कदाचित गोळी सुरू करावी लागेल. मग प्रश्न येतो, बहुतेक वेळा याच शब्दांत : ‘वाढलाय तर कमी करायचं औषध हवं ना? गोळी तर थायरॉइडचीच देताहेत!’

प्रश्न रास्त आहे. रिपोर्टावर ‘थायरॉइड प्रोफाइल’ असा मथळा आणि त्याखाली टीएसएच असं छापलेलं असलं की कुणालाही तो थायरॉइडचाच आकडा वाटणार. पण टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चेतवणारं संप्रेरक (हार्मोन), थायरॉइड बनवतच नाही. मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत बसलेली जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पिट्यूटरी ग्रंथी तो बनवते आणि रक्तातून गळ्यातल्या थायरॉइडकडे पाठवते. म्हणजे थायरॉइडनं किती माल दिला हे टीएसएच सांगत नाही. माल मिळावा म्हणून किती तगादा लावावा लागतोय, हे तो सांगतो. तगादा वाढला की समजायचं, पुरवठा कमी पडतोय.

तगादा आणि पुरवठा ही जोडी नीट समजली की बहुतेक सगळ्या अंतःस्रावी ग्रंथींचे रिपोर्ट वाचता येतात, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

थायरॉइड मुख्यतः टी-4 (थायरॉक्सिन) हे संप्रेरक बनवते, दिवसाला साधारण 80 ते 100 मायक्रोग्रॅम. प्रत्यक्ष काम करतं ते टी-3. त्यातलं जवळपास 80 टक्के थायरॉइडच्या बाहेर, यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी टी-4 मधला आयोडिनचा एक अणू काढून तयार होतं. रक्तातलं जवळजवळ सगळं टी-4 प्रथिनांना चिकटलेलं असतं. मोकळं असतं ते हजारात एका भागाहूनही कमी, आणि पेशींच्या उपयोगी पडतं तेवढंच. म्हणून ‘एकूण टी-4’ पेक्षा ‘फ्री टी-4’ तपासणं बरं. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असताना ती वाहक प्रथिनं वाढतात, एकूण आकडा फुगतो आणि प्रत्यक्षात बिघाड काहीच नसतो.

पिट्यूटरी हे टी-4 सतत चाचपत असते. ते कमी झालं की टीएसएच वाढवते, जास्त झालं की आवरतं घेते. तिच्याही वर मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो टीआरएच नावाचं संप्रेरक पाठवून पिट्यूटरीला हलवतो. हे टीआरएच इतकं सूक्ष्म प्रमाणात असतं, की लाखो मेंढ्यांचे आणि डुकरांचे हायपोथॅलॅमस गोळा करून त्यातून काही मिलिग्रॅम हाती लागलं आणि 1969 साली त्याची रचना उलगडली. त्या कामासाठी गिलमिन आणि शॅली यांना 1977 चं नोबेल मिळालं. इंग्रजीतला ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंगनं 1905 मध्ये ‘चेतवणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून घेतला. आपला ‘संप्रेरक’ त्याच अर्थाचा. शब्द चांगलाच आहे, पण तो अर्धंच चित्र दाखवतो. या यंत्रणेत चेतवण्याइतकंच काम थोपवण्याचं आहे. टी-4 शरीराचा वेग वाढवतं आणि त्याच वेळी स्वतःच्या उत्पादनाला लगाम घालतं.

या लगामाची संवेदनशीलता विलक्षण आहे. रक्तातलं फ्री टी-4 निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होत नाही, जवळपास शंभरपट होऊ शकतो. म्हणूनच टीएसएच आधी हलतो. रिपोर्टात टीएसएच 7 आणि फ्री टी-4 अगदी व्यवस्थित, असं दिसतं तेव्हा ग्रंथी थकायला लागलेली असते, पण वाढीव तगाद्यावर पुरवठा अजून चालू असतो. सर्वसाधारण प्रौढांत टीएसएचची मर्यादा 0.4 ते 4 मिलियुनिट प्रति लिटर धरतात. वय वाढतं तशी वरची मर्यादाही थोडी सरकते, त्यामुळे ऐंशीच्या घरातल्या माणसाचा 6 आणि तिशीतल्या बाईचा 6 एकाच तराजूत तोलू नये. दिवसभरातही टीएसएच हलतो, रात्री जास्त आणि दुपारी कमी. दोन रिपोर्टांची तुलना करायची असेल तर रक्त साधारण त्याच वेळी आणि त्याच प्रयोगशाळेत द्यावं.

गोळी सुरू झाल्यावर सगळ्यात जास्त चुका होतात त्या वेळेच्या हिशेबात. गोळीत असतं ते टी-4च, आणि त्याचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे 7 दिवस. नवा डोस रक्तात स्थिरावायला पाच अर्धायुष्यं, म्हणजे पाच आठवडे लागतात आणि पिट्यूटरी त्यानंतर जुळवून घेते. म्हणून डोस बदलल्यावर पुढची तपासणी 6 ते 8 आठवड्यांनी. दहाव्या दिवशी रक्त तपासून ‘अजून उतरला नाही’ म्हणत डोस वाढवणं म्हणजे पी हळद आणि हो गोरी. दोन महिन्यांनी तोच डोस जास्त ठरतो आणि छाती धडधडायला लागते.

ग्रंथी पूर्ण बंद असेल तर लागणारा डोस वजनाच्या दर किलोला साधारण 1.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 100 च्या आसपास. हृदयविकार असेल किंवा वय बरंच असेल तर 12.5 किंवा 25 पासूनच चढत जावं लागतं. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि खाण्याआधी निदान अर्धा तास, शक्य असल्यास तास. कॉफीसुद्धा त्यानंतरच. कॅल्शिअम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानं, कारण आतड्यात त्या टी-4 ला बांधून टाकतात. डोस वाढतच चाललाय आणि टीएसएच काही हलत नाही, अशा वेळी आधी या गोष्टी तपासाव्यात. दोष बहुधा इथेच सापडतो. फ्री टी-4 तपासायचं असेल त्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. घेतल्यानंतर काही तास तो आकडा उगाच चढलेला दिसतो.

केसांसाठी, नखांसाठी म्हणून ज्या गोळ्या घेतल्या जातात, त्यांत बायोटिन असतं, बऱ्याचदा 5 किंवा 10 मिलिग्रॅम. शरीराला रोज लागतं सुमारे 30 मायक्रोग्रॅम. काही प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तातलं जास्तीचं बायोटिन तिथे घोटाळा करतं. टीएसएच खोटा कमी आणि टी-4 खोटं जास्त दिसतं. शरीर ठणठणीत, पण कागदावर थायरॉइड भडकलेला. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं, आणि घेत असाल तर ते सांगावं. हे कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता तगादाच खोटा असेल तर? ग्रेव्हज आजारात असंच होतं. शरीराची प्रतिकारयंत्रणा एक प्रतिपिंड बनवते आणि ते थायरॉइडवरच्या टीएसएचच्या जागेवर जाऊन बसतं. ग्रंथीला वाटतं हुकूम आला, आणि ती बनवत सुटते. पिट्यूटरी केव्हाच गप्प झालेली असते, टीएसएच 0.01 च्या खाली. पण या प्रतिपिंडावर तिचा लगाम चालत नाही. उपचारानं टी-4 ताळ्यावर आलं तरी इतके दिवस दबलेली पिट्यूटरी लगेच जागी होत नाही. टीएसएच पुढे कित्येक आठवडे, कधी महिने, खालीच राहतो. त्या काळात टी-4 आणि टी-3 बघूनच औषध ठरवायचं.

उलट बिघाड पिट्यूटरीत असेल, तिथे गाठ असेल, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाले असतील, तर तगादा लावणारंच कुणी नसतं. टी-4 खाली गेलेलं आणि टीएसएच ‘नॉर्मल’! टी-4 इतकं कमी असताना टीएसएच 2 असणं हेच अनैसर्गिक आहे. तो एव्हाना आकाशाला भिडायला हवा होता. नुसता टीएसएच तपासला तर हा आजार हमखास निसटतो. अशा माणसाला गोळी सुरू करण्याआधी कॉर्टिसॉल बघावंच लागतं; मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी हे संप्रेरक पिट्यूटरीच्याच तगाद्यावर बनवतात. थायरॉइडची गोळी शरीरातल्या कॉर्टिसॉलचा निचरा वाढवते, आणि मुळात ते कमी असेल तर गोळीनंच प्रकृती गंभीर होऊ शकते.

‘नॉर्मल’ आकडा सुद्धा आजार असू शकतो, याचं याहून लख्ख उदाहरण कॅल्शिअमचं. इथे पिट्यूटरीचा संबंध नाही. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढ्या, बहुधा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात आणि त्या स्वतःच रक्तातलं कॅल्शिअम मोजतात. ते जरा घसरलं की काही सेकंदांत त्यांचं संप्रेरक, पीटीएच, सुटतं. ते हाडातून कॅल्शिअम काढतं, लघवीतून जाणारं अडवतं आणि मूत्रपिंडाकडून ड-जीवनसत्त्व कार्यक्षम करवून आतड्यातलं शोषण वाढवतं. कॅल्शिअम साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये राहतं ते यामुळे.

समजा कॅल्शिअम 11.4 आहे आणि पीटीएच 50. पीटीएचची मर्यादा 15 ते 65, म्हणजे रिपोर्टात त्याच्यापुढे बाण नाही. पण कॅल्शिअम एवढं वर गेल्यावर पीटीएच जवळपास बंद पडायला हवं होतं. ते 50 वर आहे याचा अर्थ, एखादी पॅराथायरॉइड ग्रंथी कुणाचं ऐकत नाहीये. अशा वेळी मुतखडे होतात, हाडं झिजतात, आणि कारण वर्षानुवर्षं कागदावर समोरच असतं. कॅल्शिअम कमी किंवा खालच्या काठावर आणि पीटीएच वाढलेलं, असं असेल तर मात्र ग्रंथी तिचं काम चोख करते आहे. ड-जीवनसत्त्व आणि मूत्रपिंड बघायचं. दोन्ही कमी असतील तर ग्रंथी दुखावलेल्या असू शकतात. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात त्या यामुळे, आणि ते लगेच कळवायला हवं. आणखी एक वाट असते मॅग्नेशिअमची. ते फार घटलं तर पीटीएच सुटतच नाही. कितीही कॅल्शिअम दिलं तरी आकडा वर येत नाही, मॅग्नेशिअम भरून काढेपर्यंत.

कॅल्शिअमचा आकडा वाचताना अल्ब्युमिन हे कॅल्शिअम वाहून नेणारं रक्तातलं प्रथिनही बघावं. ते 4 ग्रॅमच्या खाली असेल तर दर एका ग्रॅमच्या तुटीमागे कॅल्शिअममध्ये 0.8 मिळवायचं, नाहीतर उगाच कमी दिसतं.

स्त्रीबीजग्रंथींचंही तेच. रजोनिवृत्तीच्या सुमाराला एफएसएच (बीजग्रंथींना चेतवणारं पिट्यूटरीचं संप्रेरक) वाढतो तो थायरॉइडच्या टीएसएचसारखाच : बीजग्रंथी प्रतिसाद देत नाहीत, तगादा चढत जातो. एकच अपवाद मोठा सुंदर आहे. पाळीच्या चक्राच्या मध्याला इस्ट्रोजेन 200 पिकोग्रॅमच्या वर जाऊन साधारण दोन दिवस टिकलं की लगाम उलटा होतो. थोपवायच्या ऐवजी ते पिट्यूटरीला चेतवतं, एलएच या तिच्याच दुसऱ्या संप्रेरकाची लाट येते आणि ती सुरू झाल्यापासून सुमारे 36 तासांनी बीज सुटतं.

कॉर्टिसॉलच्या बाबतीत घड्याळ पाहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. पहाटेपासून चढून सकाळी ते सर्वांत जास्त असतं, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. सकाळी आठला 14 मायक्रोग्रॅम हे साजेसं, रात्री बाराला तेच 14 चिंतेचं.

यातली सगळ्यात धोक्याची चूक स्टेरॉइडच्या गोळ्यांची. अॅड्रिनल ग्रंथी दिवसाकाठी साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनवतात. प्रेडनिसोलोनची 5 मिलिग्रॅमची एक गोळी जवळपास तेवढ्याच ताकदीची असते. दम्यासाठी, सांध्यांसाठी ती तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतली की पिट्यूटरी म्हणते, पुरवठा भरपूर आहे, आणि तगादा थांबवते. अॅड्रिनल आक्रसतात. मग बरं वाटलं म्हणून गोळी एका दिवसात सोडली की बाहेरचं बंद आणि आतलं अजून सुरू नाही. रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, साखर घसरते, शुद्ध हरपते. जीव जाऊ शकतो. गोळी पायऱ्यापायऱ्यांनी, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच उतरवायची. उतरवताना ताप आला, शस्त्रक्रिया ठरली, तर डोस वाढवावा लागतो. उलटीनं गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन लागतं, त्याला उशीर चालत नाही. सांध्यात घेतलेली इंजेक्शनं, जास्त मात्रेचे इनहेलर आणि तीव्र मलमं यांनीही हे होऊ शकतं.

म्हणून पन्नास संप्रेरकांची एकदम तपासणी करून ‘हार्मोन बॅलन्स’ बघण्याला माझा ठाम विरोध आहे. दोन आकड्यांची योग्य जोडी, योग्य वेळी, या पन्नासांहून जास्त सांगते.

तर तुमचा 9. त्यावर आजच गोळी सुरू झालीच पाहिजे असं नाही. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करा, बरोबर फ्री टी-4 आणि अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडवरच उलटलेली, प्रतिपिंडं. नुकत्याच येऊन गेलेल्या मोठ्या आजारानंतर टीएसएच काही आठवडे वर राहून आपोआप उतरतो. प्रतिपिंडं सापडली तर बिघाड टिकणारा असण्याची शक्यता जास्त; अशा स्त्रियांमध्ये दर वर्षी शंभरातल्या साधारण चौघींचा थायरॉइड पुरता मंदावतो. टीएसएच 10 च्या वर टिकून राहिला किंवा टी-4 खाली आलं, तर गोळी बहुतेक सुरू करतात. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर मात्र दोन-तीन महिने थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. पहिले काही महिने बाळाला टी-4 आईकडूनच मिळतं.