आमची वाटचाल : पेज आमचं, ताबा दुसऱ्याकडे

शिलाई मशीनचे सुटे भाग विकणाऱ्या आमच्या फर्ममध्ये माणसं चारच. आम्ही नवरा-बायको आणि मदतीला दोघं. फेसबुक पेज काढलं तेव्हा ते काम आपसूकच सगळ्यात तरुण पोराकडे गेलं. ‘तुला त्यातलं कळतं ना, मग तूच बघ.’ त्यानं मन लावून बघितलंही. मग त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली. तो गेला आणि पंधरा दिवसांनी पेजवरचा फोन नंबर बदलायची वेळ आली, तेव्हा कळलं की आमच्यापैकी कोणालाच तो बदलता येत नाही. मला मेसेजला उत्तर देता येत होतं, बायकोला पोस्ट टाकता येत होती. पूर्ण ताबा फक्त त्याच्या वैयक्तिक खात्याकडे, आणि ते खातं नेमकं तेव्हाच बंद पडलेलं.

हात चोळत बसण्यापेक्षा नवं पेज काढलं. चार महिन्यांनी त्याचं खातं सुरू झालं आणि भल्या माणसानं लगेच ताबा आमच्याकडे दिला. आता दोन पेजं झाली! एकाच धंद्याची, सारख्या नावाची पेजं एकत्र करता येतात हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. मी बटण दाबायला निघालोच होतो. बायकोनं खालचा मजकूर वाचला म्हणून निभावलं. फॉलोअर आणि चेक-इन (दुकानात आल्याच्या ग्राहकांनी केलेल्या नोंदी) तेवढे एकत्र होतात. जे पेज दुसऱ्यात विलीन होतं, त्याच्या पोस्ट, फोटो, रिव्ह्यू, युजरनेम कायमचे जातात. ग्राहकांनी लिहिलेले रिव्ह्यू सगळे जुन्या पेजवर होते. म्हणून जुनं ठेवलं, नवं त्यात घातलं. मी उलटं करणार होतो.

तेव्हापासून पूर्ण ताबा आम्हा दोघांकडे, बाकीच्यांना फक्त कामापुरता. दोघांच्याही खात्यांना टू-फॅक्टर लावलंय, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एका पडताळणीशिवाय खातं उघडत नाही. ‘कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत पेज बंद होईल’ अशा मेसेजखालची लिंक कोणी उघडायची नाही, हेही ठरलंय. असे मेसेज आम्हाला अजून येतात, आणि पाठवणाऱ्याचं नाव अगदी फेसबुक कंपनीचंच वाटावं असं असतं.

इनबॉक्सचं म्हणाल तर आमच्याकडे येणारे निम्मे मेसेज एकाच छापाचे. ‘बॉबिन केस आहे का?’ आहे हो, खालच्या दोऱ्याच्या रिळाची ती डबी, पण कुठल्या मशीनची? सुरुवातीला आम्ही आपोआप जाणारा मेसेज लावला होता, ‘लवकरच संपर्क करू’. त्यानं आमचं समाधान झालं, ग्राहकाचं नाही. शिवाय फेसबुक पेजचा प्रतिसादाचा दर मोजताना असं आपोआप गेलेलं उत्तर धरतच नाही. त्यापेक्षा सेव्ह करून ठेवलेली उत्तरं खरी कामाची. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये अशी ५० उत्तरं ठेवता येतात. तिरकी रेघ देऊन शब्द टाइप केला की अख्खं उत्तर समोर येतं. आमचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं: ‘मशीनवरच्या पाटीचा आणि जुन्या बॉबिन केसचा फोटो पाठवा. शक्यतो शेजारी मोजपट्टी ठेवून.’ ती पट्टी लिहायला लागल्यापासून परत येणारा माल कमी झाला.

व्हॉट्सॲपच्याच ब्रॉडकास्ट लिस्टनं, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या सोयीनं, मात्र आमची फजिती केली. नवा माल आल्याचा मेसेज मोठ्या हौसेनं पाठवला आणि शुकशुकाट. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात खरे, पण ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. आता प्रत्येक नव्या ग्राहकाला आम्ही पहिल्याच बोलण्यात नंबर सेव्ह करायला सांगतो.

वाईट कमेंट खोडावी की ठेवावी यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पूर्वी मी सरळ डिलीट करायचो. मग तोच माणूस दुप्पट रागानं परत यायचा. आता शिवीगाळ असेल तर ती ‘हाइड’ करतो. लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना ती दिसत राहते, बाकीच्यांना नाही. तक्रार खरी असेल तर तिला हात लावायचा नाही, तिथंच उत्तर द्यायचं. बायकोच्या मते लपवणंही लबाडीच. मला तसं वाटत नाही.

दुसऱ्यांच्या पेजवरही नजर टाकायला आम्ही शिकलो. पेजच्या माहितीत पारदर्शकतेचा भाग असतो. पेज कधी काढलं, नाव कितीदा बदललं हे तिथं कळतं. आम्हाला घाऊक माल देऊ पाहणाऱ्या एका पेजचं आधीचं नाव भलत्याच धंद्याचं निघालं. आम्ही आगाऊ पैसे पाठवले नाहीत.

जुनं पेज परत मिळालं त्या दिवशी आणखी एक गोष्ट सापडली. इनबॉक्समध्ये प्रत्येक ग्राहकाच्या नावासमोर नोट लिहायची सोय असते. ती ग्राहकाला दिसत नाही, फक्त पेज सांभाळणाऱ्यांना दिसते. आम्ही ती कधी उघडलीच नव्हती. त्या पोरानं मात्र नियमानं लिहिलं होतं. परवा एका बाईंचा मेसेज आला, ‘मागच्यासारखंच द्या’. मागचं काय, कोणाला आठवतंय? नोट उघडली. ‘पायमशीन, जुनं. सुई १६ नंबर. शटल एकदा चुकीचं गेलं, आपली चूक. संध्याकाळी फोन करू नये, क्लास असतो.’

मी सकाळी फोन केला.