पद्मिनीचं मिसिंग: कार्बोरेटर तीनदा उघडला, दोष नव्या कंडेन्सरमध्ये निघाला

गाडी मिसिंग करते, म्हणजे इंजिन मधेच चुकून झटके खातं, म्हटलं की आपल्याकडं मिस्त्रीचा हात आधी कार्बोरेटरकडं (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडं) जातो. माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा कार्बोरेटर एका उन्हाळ्यात तीनदा उघडला गेला. तिन्ही वेळा ‘जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रात) कचरा होता, साफ केला’ एवढंच ऐकायला मिळालं आणि तिन्ही वेळा गाडी पुन्हा तशीच झटके मारायला लागली. त्याची चीड अजून गेलेली नाही.

लक्षण अगदी ठरलेलं होतं. सकाळी थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू व्हायचं, बीड शहरात काही त्रास नाही. मांजरसुंब्याचा घाट चढताना इंजिन तापलं की धक्के, सायलेन्सरमधून फटफट, पिकअप गायब. बॉनेट उघडून अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा सुरळीत. मे महिना, बाहेर ४२ अंश. त्यामुळं ‘पेट्रोल पाइपमध्ये उकळतंय’ हे निदान सगळ्यांना पटलं. ते तपासणं मात्र सोपं आहे: मिसिंग सुरू झाल्यावर इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर आणि पाइपवर ओला फडका टाका. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर तो विषय सोडून द्या. इथं फरक पडला नव्हता.

सुरुवात कुठून करायची, तर एक सिलिंडर मरतोय की सगळेच अधूनमधून चुकताहेत, इथून. इंजिन आयडलवर (रेस न देता) ठेवून रबरी मुठीच्या पकडीनं एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर आवाज बदलला नाही तर तोच सिलिंडर मेलेला. मग त्याच्यापुरतंच बघायचं: प्लग, त्याची वायर, टॅपेट, कॉम्प्रेशन. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम कमी आलं तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. माझ्या गाडीत चारही सिलिंडर आळीपाळीनं चुकत होते. म्हणजे दोष चौघांना सामाईक असलेल्या भागात: कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी गुंडाळी), कॉइलपासून डेल्कोपर्यंतची (चारही प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपर्यंतची) मधली वायर, डेल्कोतला फिरणारा रोटर, पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारी-तोडणारी तोंडं), कंडेन्सर, नाहीतर पेट्रोल.

प्लग, वायरी, डेल्को कॅप, रोटर यांत काही निघालं नाही. कॅपला बारीक तडा असेल तर रात्री अंधारात बॉनेट उघडून बघा, ठिणगी कॅपवरून पळताना डोळ्यांनी दिसते. पावसाळ्यात ही तपासणी आधी करावी.

आता इंधन की ठिणगी, हा खरा प्रश्न. याचं उत्तर कार्बोरेटर न उघडता मिळतं आणि हेच मला कुणी आधी सांगितलं नाही. टायमिंग लाइटचा (वायरीतून ठिणगी गेली की लुकलुकणाऱ्या दिव्याचा) चिमटा कॉइलच्या मधल्या वायरीवर लावायचा. गाडी तापून मिसिंग सुरू झाली की गाडी उभी करून रेस द्यायची आणि दिव्याकडं बघायचं. इंजिन झटका खातंय पण दिवा एकसारखा लुकलुकतोय, तर दोष बहुधा पेट्रोलच्या बाजूला. झटक्याबरोबर दिवाही मधेच लुकलुक गाळतोय, तर विजेच्या बाजूला. घाटाच्या वर गाडी कडेला घेऊन हे केलं. दिवा स्पष्ट गाळत होता. या एका तपासणीनंतर कार्बोरेटरला हात लावायचं कारणच उरलं नाही.

तरीही पुढचे तीन आठवडे वाया गेले, ते कंडेन्सरमुळं. पॉइंट काढून बघितले तर एका तोंडावर टेकाड, समोरच्यावर खड्डा, कडा निळ्या पडलेल्या. हे कंडेन्सरचं लक्षण आहे. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीतला प्रवाह पॉइंटमधून उडी मारायला बघतो. कंडेन्सर तो स्वतःत घेतो, त्यामुळं प्रवाह झटकन तुटतो आणि कॉइलमध्ये मोठा दाब तयार होऊन प्लगवर जोरदार ठिणगी पडते. कंडेन्सर कमजोर असला की ठिणगी प्लगवर जायच्या ऐवजी पॉइंटवरच उडते. मधली वायर काढून इंजिन ब्लॉकपासून ६-७ मिलीमीटरवर धरली तर ठिणगी निळी, जाड, कडकड आवाज करणारी पाहिजे. माझी थंड असताना निळी होती, तापल्यावर पिवळसर आणि बारीक. कॉइलचा प्राथमिक रोध मोजला, ३ ओहमच्या आसपास, ठीक. तापल्यावरही तोच.

मग नवा कंडेन्सर आणला, नवे पॉइंट बसवले, पण घाटात पुन्हा तेच. नवा आहे म्हणजे चांगला आहे, हे गृहीत धरलं आणि शोध भलतीकडं गेला: कॉइल बदलली, डेल्कोच्या शाफ्टचा बुश तपासला, इग्निशन स्विचच्या वायरी हलवून बघितल्या. त्याच दुकानातून त्याच बनावटीचा दुसरा कंडेन्सर आणला, तोही तापल्यावर तसाच. मीटरवर दोन्ही ०.२२ मायक्रोफॅरड दाखवत होते, म्हणजे कागदावर चोख. पण साधं मीटर काही व्होल्टवर मोजतं, आणि पॉइंट उघडताना कंडेन्सरवर दोन-तीनशे व्होल्ट येतात, तेही डेल्कोच्या उष्णतेत. थंड आणि कमी दाबावर पास होणारा कंडेन्सर तिथं गळतो. त्यामुळं मीटरनं ‘चांगला’ म्हटला तर त्यावर विश्वास ठेवू नका. ‘खराब’ म्हटला तर ठेवा.

उलगडा झाला तो जुन्या डब्यातल्या, दुसऱ्या चालू गाडीतून काढलेल्या कंडेन्सरनं. बसवलेल्या कंडेन्सरची वायर सोडून टोक टेपनं गुंडाळलं. जुना कंडेन्सर डेल्कोच्या बाहेर, कॉइलच्या पॉइंटकडं जाणाऱ्या टर्मिनलपासून गाडीच्या बॉडीपर्यंत (अर्थिंग) जोडला, अर्थिंगची जागा खरवडून चकचकीत करून. त्याच दुपारी त्याच घाटात गाडी एकही झटका न खाता वर गेली. नुसता समांतर जोडून चालत नाही, कारण आतला गळका कंडेन्सर तसाच राहिला तर गळती चालूच राहते.

म्हणून चालू स्थितीत काढलेला जुना कंडेन्सर कधीही टाकून देऊ नका. त्यावर चिकटपट्टी लावून ‘चालू’ असं लिहून गाडीतच ठेवा. लांब वायर असलेला असेल तर उत्तम, डेल्कोच्या उष्णतेपासून दूर बसवता येतो.

पॉइंट बसवताना लक्षात घ्यायच्या गोष्टी: नव्या पॉइंटच्या तोंडावर तेलकट थर असतो, पेट्रोलमध्ये बुडवलेल्या स्वच्छ पुठ्ठ्यानं तो पुसा, नाहीतर गाडी सुरूच होणार नाही. पॉइंटच्या तोंडांमधला गॅप फीलर गेजनं (मापाच्या पातळ पट्टीनं) ०.४५ मिलीमीटर, कॅमचं (पॉइंट उघडणाऱ्या डेल्कोतल्या उंचवट्याचं) टोक पॉइंटच्या टाचेखाली असताना. कॅमला ग्रीसचा अगदी पातळ हात, जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि नवीन मिसिंग सुरू होतं. गॅप बदलला की टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. फायरिंग ऑर्डर (सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम) १-३-४-२, वायरी काढण्याआधी खुणा करा. नवी टाच घासून बसते, ५०० किलोमीटरनंतर गॅप पुन्हा तपासा.

आधी सांगायचं राहिलं: प्लगची वायर काढून बघताना ती हवेत लटकत ठेवू नका, तिचं टोक ब्लॉकजवळ धरा. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनमधून वाट काढते.

कार्बोरेटरचं म्हणाल तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप फुगतात, आतून सुटतात आणि जेट खरंच तुंबू शकतो. ते पाइप बदलून घेतले. पण माझ्या बाबतीत तीन वेळा उघडण्याचा परिणाम एवढाच झाला की मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) प्रत्येक वेळी अंदाजानं फिरवला गेला. शेवटी तो इंजिन गरम असताना लावून घेतला: आत फिरवत जायचा, इंजिन अडखळायला लागलं की हळूहळू बाहेर, सगळ्यात एकसारखा आवाज येतो तिथं थांबायचं. त्यानंतर आयडल पुन्हा खाली आणलं.